इनामगावची पहिली घरे

आपल्या खेड्यांतून दोन शब्द फार जुन्या काळापासून चालत आलेले आहेत. एक काळी आणि दुसरा पांढरी. काळी म्हणजे गावाची शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावातील घरे जेथे असतात ती जागा. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच जागी राहिली म्हणजे चुलीतील राख, पडक्या भिंतींची माती, सारवलेल्या जमिनीचे पोपडे, गोठ्यातील केरकचरा हे सारे एकावर एक साठत जाते आणि तेथील मातीचा रंग पांढुरका होतो. पुढे कधीकाळी गाव उठून गेले, घरे पडली, तरी पांढरी मात्र तेथेच राहते. आपल्या नद्यांच्या काठी अशी पांढरीची कित्येक टेकाडे उभी आहेत. त्यांची माती पिकांना मानवते, म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून आपल्या शेतात नेऊन टाकीत आले. त्या मातीत एखादे रंगविलेले खापर किंवा एखादा मणी सापडला, तर तो क्षणभर हातात धरून पाहावा व टाकून द्यावा, असेच पुष्कळ वर्षे चालले होते.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या उजव्या काठी इनामगाव नावाचे एक गाव आहे. घोडनदी सह्याद्रीत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेस मिळते. इनामगावच्या शिवारात, नदीच्या काठाला लागून, अशीच पांढरीची टेकाडे होती. इ. स. १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील संशोधकांनी तेथे उत्खननास प्रारंभ केला. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. अन्सारी हे या कामातील प्रमुख पुरातत्त्वज्ञ होते. हे काम इ. स. १९८३ पर्यंत चालले. एखाद्या राजधानीसाठी नव्हे किंवा एखाद्या किल्ल्यासाठीही नव्हे, तर एका लहानशा खेड्यासाठी विद्वानांनी इतकी वर्षे घालविली. का बरे घालविली असतील?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. त्यांची हकीकत ताम्रपटांत, शिलालेखांत आणि बखरींत लिहिलेली सापडते. परंतु ज्या काळी आपल्या प्रदेशात कोणी काही लिहून ठेवीतच नसे, त्या काळच्या माणसांचा इतिहास कोणी सांगावा? ज्यांनी रान तोडून पहिले शेत केले, पहिली भिंत उभारली, पहिली चूल पेटविली, त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. तथापि त्यांची घरे जमिनीखाली राहिली आहेत. घर वाचावयास शिकले, म्हणजे त्या माणसांचा इतिहासही वाचता येतो. इनामगावच्या उत्खननात संशोधकांनी नेमके हेच केले.

पण मातीचे घर तीन हजार वर्षे कसे टिकेल, असे तुम्ही विचाराल. घर टिकत नाही. त्याच्या खुणा टिकतात. लाकडी मेढ कुजून जाते, पण ती जेथे पुरलेली असते तेथील खळग्यात निराळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते. असे खळगे एका ओळीत दिसू लागले, की भिंत कोठे होती ते कळते. चोपून सारवलेली जमीन कठीण असते. तिचे थर एकाखाली एक मोजता येतात. चुलीजवळची माती भाजून लाल झालेली असते. जळालेले धान्य कुजत नाही. ते काळे पडून तसेच राहते. म्हणून पुरातत्त्वज्ञ कुदळीचे घाव घालीत सुटत नाहीत. लहान खुरपी, चाकू आणि कुंचले घेऊन ते एकेक थर हळूहळू उकलतात, आणि प्रत्येक वस्तू कोणत्या थरात, कोणत्या वस्तूशेजारी मिळाली, ते टिपून ठेवतात. जागेवरून हललेली वस्तू आपली अर्धीअधिक हकीकत गमावून बसते.

या घरांचा काळ कोळशावरून ठरविता येतो. प्रत्येक सजीव वनस्पती हवेतून कार्बन घेत असते, आणि त्यात किंचित किरणोत्सर्गी कार्बन असतो. वनस्पती मेली, म्हणजे नवा कार्बन येणे थांबते व असलेला किरणोत्सर्गी कार्बन ठरावीक गतीने घटू लागतो. सुमारे ५,७०० वर्षांनी तो निम्मा उरतो. चुलीतील कोळशात तो किती उरला आहे हे मोजले, की ते लाकूड किती वर्षांपूर्वीचे आहे, ते काढता येते. या व इतर पुराव्यांवरून असे ठरले, की इनामगाव येथे इ. स. पू. १६०० च्या सुमारास वस्ती झाली आणि ती इ. स. पू. ७०० च्या सुमारापर्यंत नांदली. म्हणजे या एका खेड्यात जवळजवळ नऊशे वर्षे माणसे राहत होती. या काळाचे तीन टप्पे पडतात, आणि नवल असे, की प्रत्येक टप्प्यात घरांची तऱ्हा बदललेली दिसते.

पहिल्या टप्प्यातील लोकांची मातीची भांडी माळव्यातील भांड्यांसारखी आहेत. म्हणून त्या टप्प्यास माळवा संस्कृतीचा काळ म्हणतात. या लोकांची घरे बहुधा मोठी व लांबट चौकोनी असत. आत एक आडभिंत घालून घराचे दोन भाग केलेले असत. चूल घरातच असे. धान्य साठविण्यासाठी जमिनीत पेव खणीत, आणि त्याला आतून चुन्याचा गिलावा देत. काही माणसे जमिनीत खड्डा करून, त्यावर छप्पर घालूनही राहत.

दुसरा टप्पा इ. स. पू. १४०० च्या सुमारास सुरू होतो. त्यास पूर्व जोर्वे काळ म्हणतात. जोर्वे हे अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरा नदीकाठचे गाव. तेथे इ. स. १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात लाल रंगाची, काळ्या नक्षीची, चाकावर घडविलेली सुबक भांडी प्रथम मिळाली, म्हणून त्या संस्कृतीस त्या गावाचे नाव मिळाले. ही भांडी इतकी चांगली भाजलेली असत, की टिचकी मारली तर धातूच्या भांड्यासारखा खणखणीत आवाज येतो. तोटी असलेले तांब्यासारखे भांडे हा त्यांचा विशेष होय.

हा काळ इनामगावच्या भरभराटीचा होता. या काळातील एक घर डोळ्यांपुढे आणून पाहा. सुमारे पाच मीटर लांब व तीन मीटर रुंद अशी चौकोनी जागा. भोवती मातीची बुटकी भिंत; त्या भिंतीवर बांबू व काटक्यांचा कूड, आणि कुडाला आतून-बाहेरून मातीचा लेप. वर गवताने शाकारलेले छप्पर. आत चोपून सारवलेली जमीन. एका बाजूस चूल. कोपऱ्यात धान्याची कणगी ठेवण्यासाठी मातीचा गोल ओटा. जवळच धान्य भरडण्याचा दगडी पाटा. कारण दोन तळ्यांचे फिरते जाते त्या काळी माहीत नव्हते. दाराबाहेर अंगण. अशी घरे ओळीने बांधलेली, आणि दोन घरांच्या मध्ये सुमारे दीड मीटर रुंदीची बोळ सोडलेली. तुमच्यापैकी जे खेड्यात वाढले असतील, त्यांना हे घर अगदी परके वाटणार नाही. अशी कुडाची घरे त्यांनी पाहिली असतील, किंवा आजीच्या तोंडून त्यांचे वर्णन तरी ऐकले असेल.

त्या घरात काय शिजत असे, तेही सांगता येते. जळालेल्या दाण्यांत सातू सर्वांत अधिक आहे. गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ हेही आहेत. बोरे व जांभळे ते खात असत. गाईबैल, म्हशी, शेळ्या व मेंढ्या ते पाळीत. हरणांची शिकार करीत, आणि नदीतील मासे तांब्याच्या गळाने पकडीत. तांबे मात्र दुर्मिळ होते. रोजचे कापणे व सोलणे गारेच्या दगडातून काढलेल्या धारदार पात्यांनीच चाले. म्हणूनच या युगास ताम्रपाषाणयुग असे नाव आहे.

गावातील सारीच कुटुंबे एकाच व्यवसायाची नव्हती. कुंभार, सोनार, चुना भाजणारे, मणी करणारे व हस्तिदंताचे काम करणारे कारागीर वस्तीच्या पश्चिम बाजूस राहत असत. कुंभाराची भट्टी, चुन्याची भट्टी आणि सोनाराची मूस मिळाली, त्यावरून हे समजले. सधन शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी होती. त्यांतच एक घर पाच खोल्यांचे निघाले. इतके मोठे घर सामान्य कुटुंबाचे नव्हे. त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. त्यात पेवे होती आणि कणग्यांचे ओटेही होते. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे, आणि गावकऱ्यांकडून आलेले धान्य या कोठारात साठवून ठेवीत असावेत, असे संशोधकांनी अनुमान केले आहे.

या काळातील सर्वांत मोठे काम एका घराचे नाही; ते साऱ्या गावाचे आहे. घोडनदीचे पाणी वळवून घेण्यासाठी या लोकांनी सुमारे २०० मीटर लांब व चार मीटर रुंद असा पाट खणला, आणि त्याच्या बाजूने दगडमातीचा भक्कम बांध घातला. हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. येथे पावसाचा भरवसा नसतो. गव्हाला तर पाणी हवेच. लोखंडाची पहार नाही की पोलादी फावडे नाही; तरीही या माणसांनी इतका मोठा चर खणला. एका कुटुंबाला हे काम शक्य नव्हते. कोणी खणले असेल, कोणी माती वाहिली असेल, कोणी दगड आणले असतील. आणि पाणी आल्यावर ते कोणाच्या शेताला किती द्यावयाचे, हेही सर्वांनी मिळून ठरविले असेल. जेथे असे ठरविता येते, तेथेच घरांच्या समूहाचे गाव बनते.

आता आपण त्या घरांच्या आत, सारवलेल्या जमिनीखाली काय होते, ते पाहू. इनामगाव येथे अडीचशेहून अधिक दफने सापडली. त्यांपैकी बहुतेक लहान मुलांची आहेत. त्या काळी औषधे नव्हती, रोगाचे कारण कोणास ठाऊक नव्हते, आणि पुष्कळ मुले अगदी लहानपणीच दगावत. मूल गेले, म्हणजे आईबाप त्यास रानात नेऊन पुरीत नसत. राहत्या घराच्या जमिनीतच खड्डा करीत, दोन मडकी आडवी ठेवून त्यांची तोंडे एकमेकांस जुळवीत, आणि त्यांच्या आत बाळाला निजवीत. शेजारी तोटीचे लहान भांडे व वाडगे ठेवीत. वाटेत तहानभूक लागली तर असावे, अशी त्यांची भावना असेल. मग जमीन पुन्हा सारवीत, आणि तिच्यावरच त्या घराचा संसार पुढे चाले. मोठ्या माणसांना खड्ड्यात उत्तरेकडे डोके करून पुरीत. त्यांची पावले घोट्यापासून वेगळी केलेली आढळतात. मृताने घर सोडून दूर जाऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी, असे काही विद्वानांना वाटते.

पाच खोल्यांच्या त्या घराच्या अंगणात एक निराळेच दफन मिळाले. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात एका पुरुषाला मांडी घालून बसविल्याप्रमाणे ठेवलेले होते. घराचा थोरपणा त्याच्या धन्याच्या दफनातही दिसून येतो. दुसऱ्या एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक लांबट गोल पेटी निघाली. तिच्यात एका स्त्रीची लहानशी मूर्ती होती. तिच्याबरोबर मस्तक नसलेली आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक मातीचा बैल होता. बैलाच्या पाठीला व त्या मूर्तीला भोके आहेत. काडी घातली, म्हणजे मूर्ती बैलावर बसविता येते. ही त्या घराची देवी असावी.

मुलांनो, राजाच्या लेखात त्याने जिंकलेल्या प्रदेशांची नावे असतात. या लेखहीन घरांत तसे काही नाही. परंतु आपल्या तान्ह्याला अंधारात एकटे टाकवत नाही, म्हणून त्यास चुलीपासून चार हातांवर निजविणारी एक आई त्यात आहे. तिचे नाव आपणास कधीही कळणार नाही. तरीही तिचे दुःख आपणास कळते, आणि तीन हजार वर्षांचे अंतर तेवढ्यापुरते नाहीसे होते.

तिसरा टप्पा इ. स. पू. १००० च्या सुमारास सुरू होतो. त्यास उत्तर जोर्वे काळ म्हणतात. या थरात येताच चौकोनी प्रशस्त घरे बहुतेक दिसेनाशी होतात. त्यांच्या जागी लहान, गोल झोपड्या येतात. दोनतीन झोपड्या जवळजवळ उभ्या असत. त्यांतील एखादीत चूल असे, एखादीत धान्याचे रांजण असत. अशा दोनतीन झोपड्या मिळून एका कुटुंबाचे घर होत असे. भांडी ओबडधोबड झाली. गव्हाचे दाणे कमी झाले. हरणांसारख्या रानातील जनावरांची हाडे वाढली. शेतीवर पोट भरेना, म्हणून माणसे शिकारीकडे व गुराढोरांमागे रानोमाळ हिंडण्याकडे वळली, असा याचा अर्थ होतो. त्या मुलांच्या दातांची शास्त्रज्ञांनी तपासणी केली आहे. उपासमार किंवा दीर्घ आजार झाला, म्हणजे वाढत्या दातांवर त्याच्या खुणा उमटतात. तशा खुणा इनामगावच्या मुलांच्या दुधाच्या दातांवरही आढळल्या.

असे का झाले? पावसाचे मान कमी होत गेले आणि हवा कोरडी झाली, असे अनेक संशोधकांचे मत आहे. पाण्याविना पाट कोरडा पडला, तेव्हा भरलेले कोठार व प्रशस्त घर ही दोन्ही गेली. तरीही लोकांनी गाव एकदम सोडले नाही. घर लहान केले, जेवण बदलले, धंदा बदलला आणि सुमारे तीनशे वर्षे त्याच पांढरीवर ते चिकाटीने राहिले. अखेरीस इ. स. पू. ७०० च्या सुमारास शेवटची चूल विझली. छपरे खचली, कूड कोसळले, आणि वाऱ्यापावसाने सारे सपाट केले.

या नऊशे वर्षांतील सव्वाशेहून अधिक घरे उत्खननात उघडी झाली. एकाच खेड्यातील इतकी घरे पाहावयास मिळाल्यामुळे महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचा संसार आपणास इतक्या बारकाईने कळू शकला. त्यांची भांडी, हत्यारे व मूर्ती पुण्यास डेक्कन महाविद्यालयाच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. तेथे कधी गेलात, तर मडक्यांच्या नक्षीप्रमाणेच मडक्यांच्या काठावरही नजर टाका. कोणाचा तरी हात तेथून अनेकदा फिरलेला आहे.

आपल्याही गावाला पांढरी असते. तिच्यावर पहिले घर कोणाचे होते, विहीर कोणी खणली, दुष्काळात कोण गाव सोडून गेले व कोण राहिले, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. नांगरताना किंवा पाया खणताना जुने खापर अथवा मणी दिसला, तर आणखी उकरू नये; जागा तशीच ठेवून गुरुजींना सांगावे व त्यांच्याकरवी पुरातत्त्व खात्यास कळवावे. इनामगावच्या टेकाडाची माती आणखी काही वर्षे अशीच गाड्यांतून शेतात गेली असती, तर दोन मडक्यांच्या कुशीत निजलेली ती मुले, तो पाट आणि ती घरे यांतील काहीच आपणास कधी कळले नसते.

अभ्यास

१. काळी व पांढरी या शब्दांचे अर्थ सांगा. पांढरीची माती पांढुरकी का होते?

२. कुजून गेलेल्या लाकडी मेढीची जागा पुरातत्त्वज्ञांना कशी ओळखता येते?

३. पूर्व जोर्वे काळातील घर आणि उत्तर जोर्वे काळातील झोपडी यांची तुलना करा. हा फरक कशामुळे पडला असावा?

४. ‘जेथे असे ठरविता येते, तेथेच घरांच्या समूहाचे गाव बनते.’ या वाक्याचा अर्थ आपल्या गावातील एखादे उदाहरण देऊन स्पष्ट करा.

५. पुढील शब्द वाक्यांत योजा : पेव, कणगी, कूड, शाकारणे, सारवणे.

६. आपल्या गावातील किंवा आळीतील सर्वांत जुन्या घराची माहिती मिळवा आणि दहा-बारा ओळींत लिहा.